साठ विरुद्ध शून्य, आणि तरीही विरोधी पक्षनेता
(वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं)

मॉरिशसमध्ये १० नोव्हेंबर २०२४ रोजी सार्वत्रिक निवडणूक झाली. मुख्य बेटावरच्या साठच्या साठ जागा लेबर पक्षाच्या नेतृत्वाखालच्या एकाच आघाडीने जिंकल्या, असं छोटं टिपण आम्ही छापलं होतं. त्यावर जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांतले प्रश्न इथे घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

साठपैकी साठ म्हणजे काहीतरी गडबड असणारच. एवढ्या मोठ्या विजयावर विश्वास कसा ठेवायचा?
— शिक्षक, अमळनेर

सर, संशय येणं साहजिक आहे. पण हा निकाल पद्धतीतूनच येतो आणि कागद-पेन्सिल घेऊन तपासता येतो.

आधी आकार लक्षात घ्या. २०११ च्या जनगणनेत एकट्या नंदुरबार जिल्ह्याची लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या घरात होती. मॉरिशसची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास आहे आणि क्षेत्रफळ सगळी बेटं धरून सुमारे २,०४० चौरस किलोमीटर. नंदुरबार जिल्ह्यातून चार आमदार निवडून जातात. मॉरिशसमध्ये थेट निवडून येणारे सदस्य ६२ आहेत. मुख्य बेटाचे २० मतदारसंघ आहेत आणि प्रत्येकातून तीन सदस्य येतात, म्हणजे ६०. एकविसावा मतदारसंघ रॉड्रिग्ज बेटाचा, तिथून दोन.

आता एका मतदारसंघात ४० हजार वैध मतपत्रिका आहेत असं धरा. प्रत्येक मतदाराला तीन मतं आहेत. २४ हजार लोकांनी तिन्ही मतं ‘अ’ आघाडीच्या तिघांना दिली, १६ हजार लोकांनी ‘ब’च्या तिघांना. ‘अ’च्या प्रत्येकाला २४ हजार पडली, ‘ब’च्या प्रत्येकाला १६ हजार. साठ टक्के मतांत तीनही जागा ‘अ’कडे गेल्या. हेच २०,४०० विरुद्ध १९,६०० झालं, म्हणजे ५१ विरुद्ध ४९, तरी निकाल ३–० च राहतो. हरलेल्या बाजूला सांत्वनाची एकही जागा उरत नाही.

बेट लहान असल्यामुळे वारं फिरलं की ते सगळीकडे एकदम फिरतं. आपल्याकडे खान्देशचा कौल एक आणि कोकणाचा दुसरा असू शकतो. तिथे एवढं अंतर पडायला जागाच नाही. म्हणून साठ टक्क्यांच्या थोडं वर मतं मिळाली की साठ जागा मिळू शकतात. हे १९८२ मध्ये झालं, १९९५ मध्ये झालं आणि २०२४ मध्येही झालं. तिन्ही वेळा सत्ताधाऱ्यांची पाटी कोरी झाली.

लढत तिरंगी झाली की हेच गणित दुसऱ्या बाजूने काम करतं. २०१९ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान प्रविंद जगन्नाथ यांच्या आघाडीला ३७–३८ टक्के मतांवर ३८ जागा मिळाल्या. लेबर पक्षाच्या आघाडीला सुमारे ३३ टक्क्यांवर फक्त १४, आणि वीस टक्क्यांच्या थोडं वर असलेल्या एमएमएम या तिसऱ्या पक्षाला ८. पहिल्या दोघांत मतांचा फरक पाचेक टक्क्यांचा आणि जागांचा फरक चोवीसचा! मॉरिशसच्या निकालात जागांचा आकडा एकटा वाचला तर फसगत होते. शेजारी मतांची टक्केवारी मांडली तरच चित्र कळतं.

टक्केवारी वाचतानाही एक खबरदारी घ्या. ४० हजार मतपत्रिका म्हणजे १ लाख २० हजार मतं. २२ हजार मतं मिळालेल्या उमेदवाराला मतपत्रिकांच्या हिशेबाने ५५ टक्के पडतात आणि मतांच्या हिशेबाने १८.३ टक्के. बातम्यांत दोन्ही प्रकारचे आकडे दिसतात. कोणता भाजक धरला आहे हे पाहूनच तुलना करा.

एका मतदाराला तीन मतं, म्हणजे आमच्या महापालिकेच्या प्रभागासारखंच ना? की विकास सोसायटीच्या पॅनेलसारखं?
— सोसायटीचे माजी सचिव, चोपडा

सचिवसाहेब, तुमचा दुसरा अंदाज जवळचा आहे. जळगाव किंवा धुळे महापालिकेच्या प्रभागात अ, ब, क, ड या जागा वेगवेगळ्या असतात. अ जागेचा उमेदवार ब जागेच्या उमेदवाराशी लढत नाही. मॉरिशसमध्ये तसे कप्पे नाहीत. मतदारसंघातले सगळे उमेदवार एकाच यादीत असतात आणि जास्त मतं मिळवणारे पहिले तिघे निवडून येतात. विकास सोसायटीच्या सर्वसाधारण कर्जदार गटातून आठ संचालक निवडतो, तसंच हे.

फरक आहे तो शिक्क्यांच्या मोजदादीत. सोसायटीत आठपेक्षा जास्त शिक्के मारले तर मत बाद होतं, कमी मारले तर चालतं. मॉरिशसमध्ये कमी मारलेलेही चालत नाहीत. मुख्य बेटावर बरोबर तीन फुल्या आणि रॉड्रिग्जमध्ये बरोबर दोन. दोनच फुल्या मारलेली मतपत्रिका मुख्य बेटावर सरळ बाद. ‘मला फक्त आपल्या माणसाला मत द्यायचंय, बाकीच्यांशी देणंघेणं नाही’ असं म्हणणाऱ्याचं मत त्या माणसालाही मिळत नाही.

दुसरी अडचण मतपत्रिकेच्या मांडणीची. नावं आडनावाच्या वर्णक्रमाने छापलेली असतात. एका पक्षाचे तिघे एकाखाली एक येत नाहीत, लांब कागदावर विखुरतात. त्यामुळे तिथे चिन्हाला फार महत्त्व आहे. लेबर पक्षाची किल्ली, एमएमएमचं हृदय, जगन्नाथांच्या एमएसएम पक्षाचा सूर्य आणि पीएमएसडी पक्षाचा कोंबडा. कार्यकर्ते घरोघर जाऊन हीच चिन्हं तीनदा शोधायला शिकवतात. आपल्याकडे नमुना मतपत्रिका हातात देऊन ‘कपबशीवर आठ शिक्के’ पढवतात, तसाच प्रकार. तिन्ही मतं एकाच बाजूला टाकण्याला तिथे ‘ब्लॉक व्होट’ म्हणतात.

आता खरी मेख. यादी एकच असल्यामुळे तुमच्याच पॅनेलचा जोडीदार तुमचा प्रतिस्पर्धी असतो. समजा ‘अ’च्या तिसऱ्या उमेदवाराला २३,५५० मतं पडणार आहेत आणि ‘ब’च्या पहिल्याला २३,३५०. ‘अ’च्या फक्त १०१ मतदारांनी पहिले दोन आपले ठेवून तिसऱ्याच्या जागी ‘ब’च्या माणसावर फुली मारली तर काय होतं? ‘अ’चा तिसरा २३,४४९ वर येतो आणि ‘ब’चा पहिला २३,४५१ वर जातो. दोन मतांनी जागा गेली. प्रत्येक क्रॉस व्होट एकीकडून वजा होतं आणि दुसरीकडे जमा होतं, म्हणून दोनशे मतांची आघाडी एकशे एक माणसं मोडतात. अटीतटीच्या लढतीत एखाद्या मतदारसंघाचा निकाल २–१ लागतो, तो बहुधा असाच.

मतदान कागदावर होतं, यंत्रं नाहीत. मोजणी दुसऱ्या दिवशी सुरू होते आणि एका कागदावर तीन मतं असल्यामुळे ती वेळखाऊ असते.

‘बेस्ट लूझर’ म्हणजे हरलेल्यांना आमदारकी, असं वाचलं. हाई गणित काय शे? सविस्तर सांगा.
— पदवीचा विद्यार्थी, साक्री

हरलेल्यांना आमदारकी मिळते हे खरं, पण सरसकट नाही. १९६८ मध्ये देश स्वतंत्र झाला. आपल्या समाजाचं कोणी सभागृहात जाणारच नाही ही धास्ती अल्पसंख्य समाजांना होती, म्हणून ही तरतूद राज्यघटनेच्या पहिल्या परिशिष्टात आली. निवडून आलेल्या ६२ जणांशिवाय आणखी आठपर्यंत जागा त्यासाठी आहेत.

घटना चार समुदाय मानते: हिंदू, मुस्लिम, चिनी-मॉरिशियन, आणि जीवनपद्धतीवरून या तिघांत न बसणारे ते सगळे ‘सर्वसाधारण लोकसंख्या’. उमेदवाराला अर्ज भरतानाच आपला समुदाय जाहीर करावा लागतो. अपवाद झाला तो २०१४ च्या निवडणुकीत. त्या वेळी तात्पुरता कायदा करून ही सक्ती उठवली होती.

हिशेबासाठी लोकसंख्या धरतात ती १९७२ च्या जनगणनेची. हिंदू ४,२८,१६७, सर्वसाधारण २,३६,८६७, मुस्लिम १,३७,०८१ आणि चिनी-मॉरिशियन २४,०८४. त्यानंतरच्या जनगणनांत समुदायाचा रकानाच नाही, म्हणून पन्नास वर्षांहून जुने आकडे अजून वापरात आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने २०१२ मध्ये नेमकं यावर बोट ठेवलं. ताजे आकडे नसताना उमेदवाराला समुदाय सांगायची सक्ती करणं समर्थनीय नाही, असा तिचा निष्कर्ष होता. आम्हालाही हा आक्षेप बिनतोड वाटतो.

पायऱ्या अशा. समुदायाच्या लोकसंख्येला ‘त्या समुदायाचे निवडून आलेले सदस्य अधिक एक’ या संख्येने भागायचं. ज्याचा भागाकार सर्वांत मोठा, तो समुदाय सर्वांत कमी प्रतिनिधित्वाचा. पहिली जागा त्याला. मग त्याच्या सदस्यसंख्येत एक मिळवून पुन्हा भागायचं, दुसरी जागा ठरवायची, आणि असंच पुढे.

एक काल्पनिक सभागृह घ्या. हिंदू ३६, सर्वसाधारण १६, मुस्लिम ९, चिनी-मॉरिशियन १, बेरीज ६२.

हिंदू: ४,२८,१६७ भागिले ३७ = ११,५७२
सर्वसाधारण: २,३६,८६७ भागिले १७ = १३,९३३
मुस्लिम: १,३७,०८१ भागिले १० = १३,७०८
चिनी-मॉरिशियन: २४,०८४ भागिले २ = १२,०४२

पहिली जागा सर्वसाधारणला. त्यांचा नवा भागाकार १८ ने, म्हणजे १३,१५९. आता मुस्लिमांचा १३,७०८ वर आहे, म्हणून दुसरी जागा त्यांना. त्यांचा नवा भागाकार ११ ने, १२,४६२. तिसरी जागा पुन्हा सर्वसाधारणला (१३,१५९), आणि त्यांचा भागाकार १९ ने होऊन १२,४६७ वर येतो. चौथ्या जागेला सामना १२,४६७ विरुद्ध १२,४६२ असा आहे. पाचाच्या फरकाने तीही सर्वसाधारणला जाते. १९७२ मध्ये मुस्लिम लोकसंख्या शे-दीडशेने जास्त मोजली गेली असती तर ही जागा फिरली असती. जुन्या आकड्यांचा प्रश्न किती खरा आहे, हे इथे दिसतं.

समुदाय ठरला, आता माणूस कोण? त्या समुदायाच्या पराभूत उमेदवारांपैकी ज्याला आपल्या मतदारसंघात टक्केवारीने सर्वाधिक मतं पडली तो. नुसती मतसंख्या धरत नाहीत, कारण मतदारसंघ फार असमान आहेत. पोर्ट लुईमधल्या ३ नंबरच्या मतदारसंघात पंचवीस हजारांच्या आत मतदार आहेत, १४ नंबरच्या सावान–ब्लॅक रिव्हरमध्ये साठ हजारांवर, आणि दोन्हीकडून तीन-तीनच सदस्य येतात. अपक्षांना या जागा मिळत नाहीत, उमेदवार नोंदणीकृत पक्षाचा लागतो.

पहिल्या चार जागा देताना पक्ष पाहत नाहीत. उरलेल्या चार जागा पक्षीय तोल सांभाळण्यासाठी आहेत. पहिल्या चारांमुळे जिंकलेल्या पक्षाचं बहुमत घटू नये, हा हेतू. २०१९ मध्ये आठही भरल्या: सत्ताधारी आघाडीला ४, लेबरच्या आघाडीला ३, एमएमएमला १, आणि सभागृह सत्तरचं झालं. २०२४ मध्ये मात्र चारच भरल्या. जिंकलेल्या आघाडीचा एकही उमेदवार पडलेला नव्हता, मग तोल सांभाळायला ‘हरलेला’ आणायचा कुठून? सभागृह ६६ वर थांबलं. विरोधी पक्षनेते झालेले जो (Joe) लेजोंगार हेही याच वाटेने आत आले होते. ही तरतूद नसती तर मुख्य बेटावरून सभागृहात विरोधी बाकावर बसायला कोणी नसतं.

तिथली मराठी माणसं यात कुठे मोजली जातात?
— वाचक, शिरपूर

हिंदू समुदायात. मॉरिशसमध्ये मराठी मंडळींची जुनी वस्ती आहे, बहुतेकांचे पूर्वज कोकणातून गेलेले. शाळांत मराठी शिकवतात, गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. पण जागावाटपाच्या या हिशेबात मराठी, तमिळ, तेलुगू असे वेगळे रकाने नाहीत. त्यामुळे ‘बेस्ट लूझर’चा मराठी समाजाला म्हणून काही उपयोग होत नाही. त्यांना प्रतिनिधित्व मिळतं ते पक्षांनी तिकीट दिलं तरच, आणि म्हणून तिथल्या संघटनांचा भर तिकीटवाटपाच्या वेळी असतो.

माझा भाचा कामानिमित्त तीन वर्षांपासून मॉरिशसला आहे, पासपोर्ट भारताचाच. तिथे मतदान करता येतं असं तो म्हणतो. खरं का? आणि इथलं मत?
— वाचक, भुसावळ

मामा, भाच्याचं म्हणणं घटनेला धरून आहे. मॉरिशसच्या राज्यघटनेच्या कलम ४२ नुसार मतदार होण्यासाठी तिथलं नागरिकत्वच हवं असं नाही. राष्ट्रकुल देशाचा नागरिक, वय १८ पूर्ण, आणि ठरवून दिलेल्या तारखेच्या लगेच आधीची दोन वर्षं तिथे वास्तव्य, एवढं पुरतं. भारत राष्ट्रकुलात आहे. कलम ३३ तर अशा व्यक्तीला उमेदवारही होऊ देतं. त्यासाठी एकूण दोन वर्षांचं वास्तव्य, त्यातले शेवटचे सहा महिने सलग, आणि इंग्रजी बोलता-वाचता येणं या अटी आहेत.

चूक होते ती पुढच्या पायरीवर. अट पूर्ण झाली म्हणून नाव आपोआप यादीत येत नाही. नोंदणीसाठी दरवर्षी घरोघर फेरी होते, मग कच्ची यादी लोकांना पाहायला ठेवतात, हरकती घेतात आणि १६ ऑगस्टपासून नवी यादी लागू होते. कंपनीच्या वसतिगृहात राहणाऱ्यांची नावं या फेरीत सुटतात, कारण दिवसा खोलीवर कोणी नसतं. भाच्याने कच्ची यादी लागली की स्वतः जाऊन नाव पाहावं. परदेशी कामगारांच्या मतदानावर तिथे वाद चालू असतो, म्हणून नोंदणीआधी निवडणूक आयुक्तांच्या कार्यालयात त्या वर्षीचा नियम विचारून घेणं बरं. त्याच्या नोकरीच्या करारात राजकीय कामावर बंधन घालणारं कलम आहे का, तेही त्याने पाहून घ्यावं. मत देणं वेगळं आणि प्रचारात उतरणं वेगळं.

इथलं मत: परदेशी नागरिकत्व घेतलेलं नसेल तर भारतीय नागरिक नमुना ६-अ भरून पासपोर्टवरच्या भारतातल्या पत्त्यावर ‘अनिवासी मतदार’ म्हणून नोंद करू शकतो. अर्जाला पासपोर्टच्या प्रती जोडाव्या लागतात. मतदानाला मात्र भुसावळला स्वतः यावं लागेल आणि केंद्रावर मूळ पासपोर्ट दाखवावा लागेल. तिथे बसून मत टाकायची सोय या नोंदणीत नाही.

आज लेबरसोबत, उद्या एमएसएमसोबत. तिथले पक्षही आपल्यासारखेच एकमेकांच्या घरात कसे जातात?
— निवृत्त एसटी वाहक, पारोळा

कारण एकट्याने लढलं की तिरंगी लढत होते आणि तिरंगीत काय होतं ते वर २०१९ च्या आकड्यांत आलंच आहे. ३–० चा धोका इतका मोठा आहे की निवडणुकीआधी दोन मोठे पक्ष एकत्र यायचा प्रयत्न करतातच. पक्ष मोजके आहेत: १९३६ पासूनचा लेबर, १९६९ मध्ये निघालेला पॉल बेरांजे यांचा एमएमएम, त्यातून फुटून १९८३ मध्ये झालेला अनिरुद्ध जगन्नाथ यांचा एमएसएम, आणि पीएमएसडी. लेबर पक्षात शिवसागर रामगुलाम आणि मग त्यांचे पुत्र नवीन, एमएसएममध्ये अनिरुद्ध आणि मग प्रविंद. १९६८ पासून पंतप्रधानपद या दोन घराण्यांबाहेर गेलं ते एकदाच. २००० च्या आघाडीत आधीच ठरलं होतं की तीन वर्षं अनिरुद्ध आणि उरलेली दोन बेरांजे. सप्टेंबर २००३ मध्ये तो शब्द पाळला गेला. पाच वर्षांचं असं वाटप शेवटपर्यंत टिकणं किती अवघड असतं, हे महाराष्ट्रातल्या वाचकांना सांगायला नको.

आघाडीची बोलणी कशावर चालतात हेही पाहण्यासारखं आहे. वीस मतदारसंघ गुणिले तीन, म्हणजे वाटायला बरोबर साठ तिकिटं. १९८२ मध्ये एमएमएम ४२ आणि त्याचा जोडीदार पक्ष पीएसएम १८. २०१४ मध्ये लेबर आणि एमएमएम ३०–३०. २०२४ मध्ये लेबर ३५, एमएमएम १९ आणि दोन छोट्या पक्षांना तीन-तीन. साठही निवडून आल्यामुळे हे वाटप हाच सभागृहाचा निकाल झाला आणि ६६ च्या सभागृहात लेबरला ३५ वर स्वतःचं बहुमत मिळालं. म्हणजे बहुमत कोणाचं, हे जवळपास तिकिटं वाटतानाच ठरलं होतं. १९८२ च्या आघाडीत ६०–० नंतर नऊ महिन्यांतच फूट पडली आणि १९८३ मध्ये पुन्हा निवडणूक घ्यावी लागली. समोर विरोधक उरला नाही की भांडण घरात सुरू होतं.

मतांची बेरीज कागदावर होते तशी पेटीत होतेच असं नाही. २०१४ मध्ये लेबर आणि एमएमएम हे दोन जुने मोठे पक्ष एकत्र आले आणि १३ जागांवर थांबले. समोरच्यांना ४७ मिळाल्या. वर्षानुवर्षं किल्लीविरुद्ध मत देणाऱ्या माणसाला ‘आता किल्लीवरही फुली मार’ म्हटलं, तर तो हृदयावरची फुलीही काढून घेतो. आपल्याकडचं पक्षांतरबंदीसारखं बंधन तिथे नाही, पक्ष सोडला तरी सदस्यत्व राहतं. त्यामुळे आघाडी तुटली की माणसं इकडून तिकडे जातात.

निवडणुकीच्या तोंडावर नोकरभरतीचं आमिष आमच्याकडे नवं नाही. तिथे त्याबद्दल कधी कोणाची आमदारकी गेली का?
— केळी उत्पादक, रावेर

गेली, आणि तीही माजी आरोग्यमंत्र्यांची. अशोक जगन्नाथ २००५ मध्ये ८ नंबरच्या मोका–कार्तिए मिलितेर मतदारसंघातून निवडून आले. निवडणुकीच्या वेळी ते आरोग्यमंत्री होते. याचिकेत दोन मुद्दे होते: आरोग्य खात्यातली भरती, आणि मुस्लिम मतदारांना कब्रस्तानासाठी जागेचं दिलेलं आश्वासन. सर्वोच्च न्यायालयाने हे लाच या सदरात धरून २००७ मध्ये निवड रद्द केली. मॉरिशसचं शेवटचं अपील आजही लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जातं. तिथेही नोव्हेंबर २००८ मध्ये निकाल कायम राहिला. मार्च २००९ च्या पोटनिवडणुकीत त्याच जागेवर काका-पुतण्याची लढत झाली आणि पुतणे प्रविंद जिंकले.

अशी प्रकरणं पडतात किंवा टिकतात ती एका फरकावर. ‘आमचं सरकार आलं तर पेन्शन वाढवू’ हा जाहीरनामा, सगळ्या देशासाठीचा. २०१९ च्या निकालाविरुद्ध प्रविंद यांच्यावर पेन्शनवाढीच्या आश्वासनासह काही मुद्द्यांवर याचिका झाली होती, ती प्रिव्ही कौन्सिलने ऑक्टोबर २०२३ मध्ये फेटाळली. अमुक मतदारसंघातल्या अमुक गटाला, मताच्या बदल्यात, सरकारी तिजोरीतून अमुक लाभ असं दाखवता आलं तरच लाच ठरते. म्हणून पुरावा जमवताना भाषणाची चित्रफीत एकटी पुरत नाही. भरतीच्या आदेशांच्या तारखा, उमेदवारांचे पत्ते आणि मंजुरी कोणी दिली याची कागदपत्रं लागतात. आपल्याकडे लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ मध्ये लाच हा भ्रष्ट मार्ग आहेच, आणि आमदार-खासदारांच्या निवडीविरुद्धची याचिका निकालापासून ४५ दिवसांत उच्च न्यायालयात दाखल करावी लागते. बहुतेकांची गाडी चुकते ती या मुदतीत.

महिलांना तिथे आरक्षण आहे का?
— माजी सरपंच, शहादा

ताई, राष्ट्रीय सभागृहात नाही. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकीत २०११ च्या कायद्याने उमेदवारांच्या यादीवर अट घातली: एकाच लिंगाचे उमेदवार दोन तृतीयांशांहून जास्त नसावेत. ही अट तिकिटांवर आहे, जागांवर नाही. तुमच्याकडे पन्नास टक्के जागाच राखीव असल्यामुळे निवडून येणारी महिलाच असते. तिथे तिकीट मिळूनही ती पडू शकते. शिवाय निवडणूकच वेळेवर झाली नाही तर अटीचा उपयोग नाही. नगरपालिकांची निवडणूक २०१५ नंतर थेट मे २०२५ मध्ये झाली. प्रशासक बसवून वर्षं काढल्याचा अनुभव आपल्या पालिकांनाही आहे.

एवढे दोष माहीत असूनही पद्धत बदलत का नाही?
— ग्रंथपाल, पाचोरा

उपाय कागदावर तयार आहे. दक्षिण आफ्रिकेचे न्यायाधीश अल्बी सॅक्स यांच्या आयोगाने २००२ मध्ये सुचवलं की ६२ जागा तशाच ठेवा आणि मतांच्या प्रमाणात वाटायच्या ३० जागा वर जोडा. तीस-चाळीस टक्के मतं मिळवणारा विरोधी पक्ष मग शून्यावर राहणार नाही. ते झालं नाही. मूलभूत बदलाला सभागृहातलं तीन चतुर्थांश मत लागतं. ते ज्याच्याकडे असतं तो याच पद्धतीने जिंकून आलेला असतो, आणि ज्याला बदल हवा असतो त्याच्याकडे तेवढे हात नसतात. ‘बेस्ट लूझर’ काढायचं म्हटलं की अल्पसंख्य समाजांची भीती जागी होते. ती भीती खोटी म्हणून झटकता येत नाही. आमच्या मते समुदायाचा रकाना काढायचा असेल तर प्रमाणशीर जागा आधी द्यायला हव्यात. उलट क्रमाने केलं तर ६०–० च्या सभागृहात त्यांना काहीच उरणार नाही.

प्रमाणशीर पद्धत त्या देशाला अनोळखी नाही. २००२ पासून रॉड्रिग्जला स्वतःची प्रादेशिक सभा आहे. तिथे सहा विभागांतून दोन-दोन असे बारा सदस्य थेट येतात आणि उरलेल्या जागा पक्षांना पडलेल्या मतांच्या प्रमाणात भरल्या जातात. मतदाराच्या हातात त्यासाठी पक्षाला द्यायचं आणखी एक मत असतं.